इंटर्नशिप सोडून दहा हजार डॉलरचा प्रकल्प?

नमस्कार ताई,

पत्र मिळालं. मुलगी अमेरिकेत पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विद्यार्थ्यांना शांततेच्या प्रकल्पांसाठी पैसे देणाऱ्या ‘प्रोजेक्ट्स फॉर पीस’ या योजनेचे पैसे मिळवून उन्हाळ्यात एका खेड्यातल्या शाळेत वाचनालय उभारायचं तिच्या मनात आहे आणि त्यापायी इंटर्नशिप हातची जाईल, ही तुमची धास्ती. ‘समाजसेवेने नोकरी मिळते का?’ असं तुम्ही सरळच विचारलंय.

नुसत्या समाजसेवेने नाही मिळत. पण कंपन्या कायमच्या नोकरीसाठी मुलं हेरतात ती बहुतेक तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात. दुसऱ्या वर्षानंतरचा उन्हाळा त्यामानाने मोकळा असतो, त्यामुळे वेळेची भीती सोडा. मला काळजी वेगळीच वाटते.

‘प्रोजेक्ट्स फॉर पीस’ ही योजना अमेरिकेतल्या दानशूर कॅथरिन डेव्हिस यांनी २००७ मध्ये, स्वतःच्या शंभराव्या वाढदिवसाच्या निमित्ताने दहा लाख डॉलर देऊन सुरू केली. तेव्हा शंभर प्रकल्प, प्रत्येकी १०,००० डॉलर. कारभार अमेरिकेतल्याच मिडलबरी कॉलेजातून चालतो, पण विद्यार्थ्याने परस्पर तिकडे अर्ज करून भागत नाही. योजनेत सहभागी असलेलं त्याचं कॉलेजच नाव सुचवतं. तेव्हा आपलं कॉलेज त्यात आहे का आणि कॉलेजची स्वतःची मुदत कधी संपते, हे तिने याच आठवड्यात विचारावं. ही आतली मुदतच मुलं हमखास चुकवतात.

आता वाचनालय. असे प्रस्ताव मी पुष्कळ वाचलेत आणि बहुतेकांत पुस्तकांची यादी फार सुरेख असते. पुस्तकं काय, आठवड्यात विकत घेता येतात! सुट्टी संपून ती कॉलेजला परतली की कपाटाची किल्ली कोणाकडे राहणार? फाटलेलं पुस्तक कोण चिकटवणार? शिक्षकांची बदली झाली तर? मुळात त्या शाळेने वाचनालय मागितलंय का? कदाचित त्यांना आधी नळ हवा असेल, किंवा संध्याकाळी दोन तास मुलांना शिकवणारं कोणी. निवड करणारी मंडळी अनुभवी असतात. देणाऱ्याच्या हौसेचा प्रकल्प त्यांना पहिल्या पानावरच कळतो.

अंदाजपत्रकात प्रवासावर निम्मी रक्कम जात असेल तर आराखडा बदलावा. शेवटी अहवालासोबत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, म्हणून पावत्या पहिल्या दिवसापासून सांभाळायच्या. हे कंटाळवाणं काम आहे, पण उद्या मुलाखतीत बोलायला तेच उपयोगी पडतं. ‘मी गावासाठी काहीतरी केलं’ ऐकून कोणी भारावत नाही. ‘सुतार दोन आठवडे आलाच नाही, मग मी रॅक रद्द करून पेट्या घेतल्या आणि उरलेल्या पैशांत हे केलं’ असं सांगणाऱ्या मुलीकडे समोरचा लक्ष देऊन पाहतो.

आणि हो, अर्ज तुम्ही लिहून देऊ नका. पालकांची भाषा लगेच ओळखू येते.

एवढंच करा: प्रस्तावाची एक ओळही लिहिण्याआधी तिला त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करायला सांगा. आपली कल्पना लगेच मांडू नकोस, आधी त्यांना बोलू दे म्हणावं. त्यांना नकोच असेल, किंवा महिनाभरात त्यांच्याशी धड बोलणंच झालं नाही, तर यंदा तिने इंटर्नशिप करावी. पुढच्या वर्षीही पदवीचीच विद्यार्थिनी असेल, अर्ज तेव्हाही करता येईल.