मोठी मूळ संख्या तपासताना

बाळा, लातूरच्या शिकवणीत झटपट उत्तराची सवय लागते; इथं ती बाजूला ठेव. २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७. घातांक मूळ आहे म्हणून हीसुद्धा मूळ असेल, असं धरू नकोस. ती २३ गुणिले ८९ आहे. आता दोन्हींतून १ वजा कर: २२ आणि ८८. दोन्ही २२ च्या पाढ्यातले, म्हणजे घातांकाच्या दुपटीच्या! हा योगायोग नाही. विषम मूळ घातांक असला की प्रत्येक मूळ विभाजक असाच निघतो. किती देखणं आहे हे! गणितज्ञ ऑयलरनं १७७२ मध्ये २१४७४८३६४७, म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १, मूळ असल्याचं दाखवलं, तेही हातानं आकडेमोड करून. कॉम्प्युटर नंतर उघड. आधी वहीत ८१९१ घे, घातांक १३. भागून पाहायला ५३ आणि ७९ एवढेच उरतात. का, ते मला लिहून दाखव.