दुबईचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी परत करा

शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप चालवणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय 48, पत्नी, अकरावीतली मुलगी, सातवीतला मुलगा. पुण्याच्या एका कस्टमरमुळे चार वर्षांपूर्वी गोल्फची गोडी लागली. आता येत्या जानेवारीत चौघा मित्रांचं दुबईला जायचं ठरतंय. सहा रात्री, चार राउंड, माणशी सव्वातीन लाख. धंद्यातून वर्षाला वीस-बावीस लाख हाती राहतात. प्रश्न एका ओळीचा आहे: सहा लाखांची एफडी मोडू, की सीसीमधून, म्हणजे धंद्यासाठीच्या कॅश क्रेडिट खात्यातून उचलू?

पत्राच्या शेवटी मात्र त्यांनी जाता जाता असं लिहिलं आहे: "पुढच्या ट्रिपांची सोय करून ठेवली आहे. बँकेच्या आरएमनी (रिलेशनशिप मॅनेजरनी) गॅरंटीड इन्कमचा प्लॅन दिला. वर्षाला 3 लाख, 10 वर्षं भरायचे. बाराव्या वर्षाच्या शेवटापासून 25 वर्षं दरसाल 2 लाख 40 हजार आणि शेवटी भरलेले 30 लाख परत. म्हणजे 8 टक्के टॅक्स-फ्री, आणि दरवर्षी दुबई फुकट. सीसीचं रिन्यूअल तोंडावर असल्यानं नाही म्हणणं जड गेलं. पॉलिसी मागच्या आठवड्यात मेलवर आली."

साहेब, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य शेवटचं आहे. पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांच्या आत ती परत करता येते. याला फ्री लुक म्हणतात आणि तो तुमचा हक्क आहे. ई-मेलनं आलेल्या पॉलिसीसाठी हे दिवस मेल मिळाल्यापासून मोजतात. पत्र वाचलं त्याच दिवशी मी तुम्हाला मेल केला आहे. इथे सविस्तर लिहितोय, कारण कोल्हापुरात अशी पॉलिसी नुकतीच हातात पडलेले तुम्ही एकटे नाही.

आधी ते 8 टक्के बघू. आरएमनी 2 लाख 40 हजाराला 30 लाखांनी भागलं. भागाकार बरोबर आहे, हिशोब साफ चुकीचा आहे. पहिले 3 लाख तुम्ही आज भरलेत, त्यावर पहिला रुपया बारा वर्षांनी मिळणार. मधल्या वर्षांचं व्याज कुठे गेलं? हेच 3 लाख दरसाल नुसत्या 7 टक्क्यांनी वाढवले, तर बाराव्या वर्षाच्या शेवटी तुमच्याकडे 30 नाही, 50 लाख असायला हवेत. 50 लाखांवर 2 लाख 40 हजार म्हणजे पावणेपाच टक्के. शेवटी परत मिळणारे 30 लाख धरूनही सगळ्या व्यवहाराचा परतावा सव्वापाच टक्क्यांच्या आत राहतो. एवढ्यासाठी 36 वर्षं पैसा अडकवायचा! हा आकडा आरएमला माहीत नसेल तर त्यानं हा प्लॅन विकू नये, आणि माहीत असेल तर त्यानं तुम्हाला फसवलं आहे. तिसरी शक्यता मला दिसत नाही.

"दरवर्षी दुबई फुकट" हेही तपासू. दिरहम 1997 पासून डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला 3.6725. म्हणजे रुपया डॉलरपुढे घसरला की तेवढाच दिरहमपुढेही घसरतो. 2015 मध्ये दिरहम साडेसतरा रुपयांच्या आसपास होता, आता 24 च्या वर आहे. वर्षाला तीन-साडेतीन टक्के नुसत्या चलनात गेले, वर तिथली हॉटेलं आणि ग्रीन फी, म्हणजे कोर्सवर खेळायची फी, महागणार ती वेगळी. दोन्ही मिळून 7 टक्के धरा. आजची सव्वातीन लाखांची ट्रिप बारा वर्षांनी सव्वासात लाखांची झालेली असेल आणि तुमच्या हाती येतील 2 लाख 40 हजार. तुम्ही साठीचे असाल, आणि त्या पैशात ट्रिपचा तिसरा हिस्सा निघेल. त्यानंतर खर्च दरवर्षी वाढत जाणार, मिळणारी रक्कम मात्र तुमच्या चौऱ्याऐंशीपर्यंत तीच.

आता परत कशी करायची ते. अर्ज विमा कंपनीकडे करा, बँकेच्या शाखेत नाही. शाखेत दिलात तर आरएम "साहेब, बसून बोलू" म्हणत दहा दिवस घालवेल. कंपनीच्या सर्व्हिस मेलवर दोन ओळी लिहा: पॉलिसी नंबर, मिळाल्याची तारीख, सांगितलेला परतावा आणि प्रत्यक्ष परतावा जुळत नाही म्हणून फ्री लुकमध्ये रद्द करतो आहे. सोबत कॅन्सल्ड चेक. पोच नंबर मिळेपर्यंत पिच्छा सोडू नका. स्टॅम्प ड्युटी, मेडिकल झालं असेल तर त्याचा खर्च आणि तेवढ्या दिवसांचा जोखमीचा हप्ता कापून बाकी रक्कम परत येते. टाळाटाळ झाली तर विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार करा. तिथेही दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, त्याला फी नाही.

सीसीचं रिन्यूअल आणि पॉलिसी यांचा काडीचा संबंध नाही. कर्ज हवं तर विमा घ्या, अशी सक्ती बँकेला करता येत नाही. रिन्यूअलची कागदपत्रं वेळेत द्या, स्टॉक स्टेटमेंट चोख ठेवा. कुणी तोंडी अट घातलीच, तर ती मेलवर लिहून मागा. अशी अट मेलवर लिहून देणारा अधिकारी मी अजून पाहिलेला नाही. तुमच्यासारख्या कारखानदाराला रिन्यूअलच्या तोंडावर गाठून पॉलिसी गळ्यात मारणं हा प्रकार मला संतापजनक वाटतो, कारण त्या खुर्चीत बसून नाही म्हणणं किती अवघड असतं हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

तुम्ही न विचारलेली आणखी एक गोष्ट आहे, आणि ती दुबईपेक्षा आणि या पॉलिसीपेक्षाही मोठी आहे. सीसी 90 लाख, मशीनचं कर्ज 35 लाख. नागाळा पार्कातलं घर तारण, पत्नी जामीनदार. आणि विमा? जुन्या सहा पॉलिसी, वर्षाला 1 लाख 40 हजार हप्ता, सगळ्यांचं मिळून कव्हर 28 लाख. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं, तर बँकेला द्यायचे सव्वा कोटी आणि घरात येणार 28 लाख. मशीनं विकून किती येतील हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त चांगलं जाणता. मालक नसलेल्या शॉपची मशीनं घेणारा गरज ओळखूनच भाव पाडतो. मग राहतं ते घर. वहिनी जामीनदार आहेत, त्यांना हात वर करता येणार नाहीत. मुलगी तेव्हा कॉलेजात असेल.

म्हणून साधा टर्म इन्शुरन्स, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा घ्या, अडीच कोटींचा, वयाच्या 65 पर्यंत. पण एका पॉलिसीत नको, दोन भागात घ्या. सव्वा कोटीची एक साधी पॉलिसी, पत्नीला नॉमिनी करून. त्यातून कर्ज फिटेल आणि घर सुटेल. दुसरी सव्वा कोटीची पॉलिसी मॅरिड विमेन्स प्रॉपर्टी ॲक्ट, 1874 खाली घ्या. तिचे पैसे तुमच्या इस्टेटीत धरले जात नाहीत, त्यामुळे तुमच्या देणेकऱ्यांना त्यावर हात टाकता येत नाही. लाभार्थी म्हणून दोन्ही मुलांची नावं घाला. एकट्या पत्नीचं घातलंत तर त्या स्वतः जामीनदार असल्यानं पैसा त्यांच्या हाती आल्यावर बँक तिथेही पोचू शकते. हा पर्याय प्रपोजल फॉर्म भरतानाच निवडावा लागतो, पॉलिसी निघाल्यावर जोडता येत नाही. ज्याच्या नावावर सीसी आहे त्या प्रत्येकानं ही एक गोष्ट लक्षात ठेवावी असं मला मनापासून वाटतं, कारण एजंट ती क्वचितच सांगतात.

तंबाखू-सिगरेट नसेल आणि तब्येत ठीक असेल, तर दोन्ही मिळून वर्षाला 90 हजार ते सव्वा लाख लागतील. वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर 2025 पासून गेला आहे. शुगर किंवा बीपी असेल तर फॉर्मवर स्पष्ट लिहा, हप्ता थोडा वाढला तरी चालेल. लपवलेलं क्लेमच्या वेळी निघालं तर भोगायचं वहिनींना. परत येणाऱ्या 3 लाखांतून पहिलं वर्ष आरामात भागेल. घरच्यांच्या 5 लाखांच्या आरोग्य विम्यावर त्यातूनच टॉप-अप, म्हणजे त्यावरच्या खर्चासाठीचा जादा विमा घ्या. जुन्या सहा पॉलिसींचे कागद पाठवा. कुठली पेड-अप करायची (पुढचे हप्ते थांबवून कमी कव्हरवर ठेवायची), कुठली राहू द्यायची ते कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. आणि एक, टर्म पॉलिसी हातात येईपर्यंत जुनी एकही बंद करू नका.

आता दुबई. खुशाल जा. बावीस लाख मिळवणाऱ्या माणसानं हौसेला एकदा सव्वातीन लाख घातले, यात मला काही वावगं दिसत नाही. पण एफडी मोडू नका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुरानं शिरोलीजवळ हायवे बंद पडला, तेव्हा माल गेटवर आणि पेमेंट अडकलेलं, अशी अवस्था तुम्हीही पाहिली असेल. ती एफडी म्हणजे तुमच्या कामगारांचा पगार आणि लाइट बिल आहे. सीसीला तर अजिबात हात लावू नका. तो पैसा माल आणि उधारी फिरवायला दिलेला असतो, आणि सीसीची मुद्दल कधी फिटतच नाही. 10 टक्क्यांनी वर्षाला 32 हजार, ट्रिप विसरलात तरी चालूच.

जानेवारीला आठ महिने आहेत. महिन्याला 40 हजार वेगळ्या खात्यात टाका, जवळपास सव्वातीन लाख तयार होतील. टूर ऑपरेटर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर घेईल. तो खर्च नाही, रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो, तेवढी तजवीज ठेवा.

जानेवारीची तारीख मात्र तपासून घ्या. तुमच्या यादीत एमिरेट्स गोल्फ क्लबचा मॅजलिस कोर्स पहिला आहे. 1988 मध्ये सुरू झालेला, आखातातला पहिला हिरवळीचा कोर्स. दुबई डेझर्ट क्लासिक ही स्पर्धा तिथेच आणि जानेवारीतच होते, त्या दिवसांत पाहुण्यांना तिथे खेळता येत नाही. ऑपरेटर ऐन वेळी "दुसरा कोर्स देतो" म्हणेल आणि पैसे तेवढेच घेईल. मॅजलिसची सीझनमधली ग्रीन फी हजार दिरहमच्या वर असते, म्हणजे एका राउंडला निदान चोवीस-पंचवीस हजार. त्यामुळे कुठल्या तारखेला कुठला कोर्स, हे ॲडव्हान्स देण्याआधी लेखी घ्या. उन्हाळ्यात निम्म्या दरात देतो म्हणाला तर नको म्हणा, तेव्हा तिथे पारा 40 च्या वर असतो. मित्रांना जमत असेल तर डिसेंबरचा दुसरा आठवडा धरा. हवा तशीच छान असते, स्पर्धा नसते आणि ख्रिसमसची गर्दीही सुरू झालेली नसते. तेव्हा महिन्याला 40 ऐवजी 46-47 हजार टाकावे लागतील, एवढंच.