शोभेच्या अ‍ॅलियमची पानं फुलं उमलतानाच पिवळी पडतात, काय चुकतंय?
काहीच चुकत नाही. हे कांदा-लसणाचंच कुळ. 'गिगँटियम'सारख्या मोठ्या जातींची पानं फुलोऱ्याच्या सुमारास वाळतातच. पूर्ण वाळेपर्यंत ती कापू नका, पुढच्या वर्षीचं अन्न त्यांच्यातूनच कंदात साठतं. वाळकी पानं डोळ्यांत खुपत असतील तर पुढे बुटकी, दाट झाडं लावा.

खरी काळजी घ्यायची ती पाण्याची. ओल साचली की कंद कुजतो, म्हणून जागा भरपूर उन्हाची आणि निचऱ्याची हवी. लागवड हिवाळ्याआधी, कंदाच्या उंचीच्या साधारण तिप्पट खोल. मोठ्या जातींना थंडी हवीच. ती नसेल तिथे गार्लिक चाइव्हज (याच कुळातली, लसणाच्या चवीची पात) लावा, पांढरी फुलं छान येतात. कुत्र्या-मांजरांना मात्र हे सगळेच विषारी, त्यांना लांब ठेवा.