गाडी नंतर, आधी चार फुटांची फळी

तुमचा प्रश्न असा, की बोनसचे पंचवीस हजार हातात आहेत, मुलगा अकरा वर्षांचा आहे, कराडच्या घरात वरच्या मजल्यावर दहा बाय आठची खोली रिकामी आहे. तर मॉडेल रेल्वेचा सेट एचओ मापाचा घ्यावा की एन मापाचा, डीसीसी (एकाच रुळावर अनेक इंजिनं वेगवेगळी चालवायची डिजिटल पद्धत) लगेच घ्यावं का, आणि आपली भारतीय इंजिनं मिळतात का. मला या नादाला लागून अठरा वर्षं झाली, त्यातली पहिली पाच नुसत्या चुकांत गेली. म्हणून सरळच सांगतो: सेट घेऊ नका.

सेटमध्ये एक इंजिन, तीन डबे आणि गोल रूळ येतात. पहिल्या संध्याकाळी शेजारचेसुद्धा बघायला येतात. दुसऱ्या दिवशी पोरगं एकटंच बसलेलं असतं आणि महिन्याभरात खोकं माळ्यावर जातं. हे मी तीन घरांत पाहिलंय, त्यातलं एक माझंच.

आता मापाचं बघू. एचओ म्हणजे १:८७, खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढं, आणि एन म्हणजे १:१६०. आपला जुना निळा, चेन्नईच्या आयसीएफ कारखान्याच्या नमुन्याचा डबा बफरसकट २२.३ मीटर लांब. एचओत तो पंचवीस-सव्वीस सेंटिमीटर भरतो, एनमध्ये चौदा. तुमच्या मनात सह्याद्री नाहीतर महालक्ष्मी एक्सप्रेस असणार, कऱ्हाडकरांच्या दुसरं काय असणार. पण नुसते सतरा डबे उभे करायला एचओत जवळजवळ साडेचार मीटर फलाट लागतो आणि तुमची खोली लांबीला तीन मीटर आहे. वळणाचं तर विचारूच नका. आपल्या ब्रॉडगेजवर सगळ्यात तीव्र वळण दहा अंशांचं, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचं. एचओत त्याची त्रिज्या दोन मीटर होते, म्हणजे अख्खा गोल चार मीटरचा. सेटमधलं वळण असतं सुमारे ४४ सेंटिमीटरचं. त्यावर लांब डबा घातला की त्याचं पोट आत येतं, टोकं बाहेर लोंबतात आणि गाडी खेळण्यासारखी दिसते.

आणखी एक गोम आहे, ती दुकानदार सांगत नाही. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं. एचओत रुळांमधलं अंतर १९.३ मिलिमीटर यायला हवं. पण बाजारात मिळतो तो १६.५ चा रूळ, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजवरून आलाय. म्हणजे वर बॉडी कितीही अस्सल बसवा, भारतीय ब्रॉडगेज गाडी सगळीकडे पावणेतीन मिलिमीटर अरुंद रुळावरच धावते. बहुतेकांना त्याचं काही वाटत नाही. मला वाटलं, आणि एकदा दिसलं की ते दिसतच राहतं.

म्हणून मी बार्शी लाईटकडे वळलो, आणि तुम्हालाही तेच सुचवतो. मिरजेला एके काळी ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशी तिन्ही गेज एकाच स्टेशनात होती, हे तुमच्या मुलाला ठाऊक नसणार. त्यातली नॅरोगेज म्हणजे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची बार्शी लाईट रेल्वे. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, १९०६ ला पंढरपुरात आणि १९२७ ला मिरजेत पोचली. तिचं गेज ७६२ मिलिमीटर. भागिले ८७ करा: ८.७६. आणि एन स्केलचा तयार रूळ असतो ९ मिलिमीटरचा! पाव मिलिमीटरचा फरक उरतो, तो भिंगाशिवाय दिसत नाही. तेव्हा माणसं, झाडं, स्टेशन एचओच्या मापाचं; रूळ आणि इंजिनाचा मोटर-चाकांसकट खालचा सांगाडा एनचा; वरची बॉडी तुम्ही पुठ्ठ्याची करा, प्लॅस्टिक शीटची करा किंवा थ्रीडी प्रिंट करून घ्या. एन रुळाचे स्लीपर फार दाट आणि बारके असतात, ते तेवढे मातीखाली झाकायचे. तयार भारतीय इंजिन हौशी लोक थोड्या संख्येत करतात, त्याची वाट बघत बसायची गरज उरत नाही.

जागा लागते चार फूट बाय पंधरा इंच. खोली रिकामी असली तरी एवढीच.

असं का, ते ऐका. माझा पहिला लेआउट, म्हणजे रूळ-देखाव्याची मांडणी, आठ बाय चारच्या अखंड प्लायवर होता, सांगलीत गावभागात, तळमजल्यावर, खाली पाय स्क्रूने पक्के केलेले. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. आम्ही धान्य, कागदपत्रं वर नेली, शेवटी मी इंजिनं फरसाणच्या डब्यात भरून नेली. फळी काही जिन्यात वळेना. पाणी उतरल्यावर बघितलं तर प्लायचे थर शिळ्या भाकरीच्या पापुद्र्यासारखे सुटलेले, आणि माझा बोगदा टेबलावरून निघून खिडकीच्या गजांत जाऊन अडकलेला. तेव्हापासून नियम एकच: एका माणसाला एका खेपेत जिना चढून नेता येईल तेवढीच फळी. तुम्ही वरच्या मजल्यावर आहात, पण उद्या खोलीत पाहुणे झोपवायचे झाले तरी हाच नियम कामी येईल. प्लायला दोन्ही बाजूंनी ऑइल पेंट मारा, कडांनासुद्धा. पावसाळ्यात ते फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि रूळ उचलला जातो. लोक रुळाच्या लोखंडाला दोष देतात, खोड लाकडाची असते.

आता डोंगर. मुलाने दिवाळीत किल्ला केलाय ना? मग निम्मं काम त्याला येतंच. चुरगाळलेले कागद, त्यावर मातीत बुडवलेल्या गोणपाटाऐवजी पीओपीत बुडवलेलं जुनं सुती कापड, बास. मिरजेच्या पूर्वेला आरग ओलांडून ढालगावकडे जाताना दिसतो तसा माळ करा: मुरूम, बाभळी, घायपात. पायपुसण्याच्या काथ्याचं वाळकं गवत होतं, जुन्या वायरची तार पिळून बाभळीचं खोड होतं.

खडीसाठी पैसे घालवू नका. रुळावरची खरी खडी मोठ्यात मोठी ६५ मिलिमीटरची, म्हणजे आपल्याला पाऊण मिलिमीटरची हवी. खडीक्रशरवरून मूठभर कच आणा. चहाच्या गाळणीतून पडते आणि मैद्याच्या चाळणीत अडकते, तेवढीच ठेवा. मग तिच्यावरून लोहचुंबक फिरवा, हे विसरू नका. आपल्या काळ्या दगडात लोहाचे कण असतात, ते इंजिनाच्या मोटरीतल्या चुंबकाला जाऊन चिकटतात आणि गाडी खरखरायला लागते. मी एक मोटर अशी घालवली. कच रुळांमध्ये ब्रशने सारखी करा, वर पाण्याचा बारीक फवारा मारा, पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. तो नसेल तर पाण्याचे मोती होतात आणि खडी त्यावर तरंगत निघते. मग दुप्पट पाण्यात कालवलेलं फेव्हिकॉल सिरिंजने थेंब थेंब सोडा. रात्रभर हात लावू नका. मुलाला हे जमणार नाही, सकाळी एक बोटाचा ठसा सापडेलच.

पैसा घालवायचाच तर दोन गोष्टींवर घालवा: हळू चालणारा सांगाडा आणि वेग कमी-जास्त करायचा चांगला कंट्रोलर. आमच्याकडे मिरजेचे एक निवृत्त गार्ड येतात. पहिल्यांदा आले तेव्हा गुडघ्यावर बसले, डोळे फळीच्या पातळीला आणले आणि म्हणाले, "लई पळतीया रं तुझी गाडी. बार्शी लाईट अशी पळली असती तर पंढरपुरात चहाला येळ मिळाला असता की." मग हिशेब केला. ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर, भागिले ८७, साडेनऊ सेंटिमीटर. चार फुटांची फळी ओलांडायला १३ सेकंद लागले पाहिजेत. माझी चारात जात होती! घड्याळ लावून बघा, छोटी फळी एकदम मोठी वाटायला लागते.

डीसीसी आत्ता नको. एका इंजिनाला साधं बारा व्होल्ट डीसी पुरतं. दुसरं-तिसरं इंजिन आलं की बघू.

मुलगा कंटाळू नये म्हणून फळीवर गोल न करता शंटिंग करा, म्हणजे इंजिन पुढे-मागे करून डबे जोडा-सोडा. रूळ बदलायचे दोन सांधे, तीन मार्ग: एकात पाच डबे मावतील, उरलेल्या दोनांत तीन-तीन. एकूण आठ छोट्या वाघिणी (मालडबे) ठेवा, त्यांच्या आठ चिठ्ठ्या करा, पाच उचला आणि त्याच क्रमाने गाडी जोडून दाखवा. इंग्लंडमधलं हे जुनं कोडं आहे, इंगलनूक नावाचं. पाच डब्यांच्या ६,७२० वेगवेगळ्या गाड्या होतात. माझी पुतणी सात मिनिटांत जोडते, मला अकरा लागतात.

पुण्याला गेलात तर कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय मुलाला जरूर दाखवा, १ एप्रिल १९९८ पासून सुरू आहे. फक्त ते बघून आल्यावर लगेच काही ऑर्डर करू नका, दोन दिवस थांबा.

आम्ही सांगली-मिरजेचे पाच-सहा जण महिन्यातून एका रविवारी जमतो. सोल्डरचा डाग देणारा एक आहे, बॉडी कापणारा एक आहे, चुका काढणारे गार्डसाहेब आहेतच. कराडहून सकाळच्या गाडीने या. येताना रंग मारलेली फळी तेवढी आणा, इंजिन आमच्याकडचं चालवून बघू.