'स्पंदन' नव्हे, 'आंदोलन'

प्रश्न असा आला आहे : चुंबकी श्वेत बटू (इंधन संपून आकसलेला लहान, घट्ट तारा) असलेल्या जोडताऱ्यांपैकी काहींचा प्रकाश एकदोन सेकंदांच्या अंतराने कमीजास्त होतो, त्याला 'स्पंदन' म्हणावे की 'आंदोलन', आणि हा क्रम काटेकोर नसल्यामुळे विशेषण कोणते लावावे?

'स्पंदन' म्हणू नये. आकाशात काहीही लुकलुकले की आपले विज्ञानलेखक हाच शब्द पुढे करतात. केवळ स्वतःभोवती फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यालाही त्यांनी 'स्पंदक' करून टाकले आहे. सेफीडांसारखा तारा स्वतः फुगतो आणि आकसतो, तेव्हा स्पंदन. येथे श्वेत बटू फुगत नाही. सोबत्याकडून ओढलेला वायू कोट्यवधी गौसच्या चुंबकी क्षेत्रामुळे ध्रुवाकडे वळतो आणि पृष्ठभागाच्या थोडा वर आघाताने अडून तापतो. आघाताची ही सीमा वर सरकली, की पडणारा वायू तिच्यावर अधिक वेगाने आदळतो, अधिक तापतो, निवायला अधिक वेळ घेतो आणि सीमा आणखी वर जाते. मग खालचा दाब ओसरला की ती खचते. लँगर, चनमुगम आणि शाविव यांनी ही अस्थिरता १९८१ मध्ये गणिताने मांडली. १९८२ मध्ये मिडलडिच यांना सप्तर्षीतील एएन आणि नरतुरंगातील व्ही ८३४ या ताऱ्यांत असे चढउतार आढळले.

ही गती झोपाळ्याची आहे, आणि 'आंदोलना'च्या पोटात 'दोला' म्हणजे झोपाळाच बसलेला आहे. डोलणे, डोली ही त्याच घरची मंडळी. हिंदोळ्यातही मला तोच दोला ऐकू येतो, व्युत्पत्तिकार काहीही म्हणोत. वर्तमानपत्रांनी या शब्दाच्या हाती झेंडा दिला म्हणून पुढचा 'आं' छाटून 'दोलन' लिहिणाऱ्या परिभाषाकारांचा भित्रेपणा मला पटत नाही. मोर्चाच्या कितीतरी आधीपासून हा शब्द संगीतात नांदतो आहे. दरबारी कानड्यातील आंदोलित कोमल गंधार गवई घड्याळ लावून हलवत नाही, तरीही त्या हेलकाव्याची गती कानाला नेमकी कळते. या ताऱ्यांच्या प्रकाशाचे वर्तन याहून निराळे नाही.

विशेषण 'नियतप्राय', म्हणजे जवळजवळ नियमित, चालेल. शौरी तारकासमूहातील १९३४ च्या नवताऱ्याचा ७१ सेकंदांचा चढउतार मात्र या नावाखाली कोंबू नये. तो काटेकोर आहे आणि श्वेत बटूच्या परिवलनातून येतो.