हाडातल्या इन्फेक्शनवर अँटिबायोटिकचे विरघळणारे मणी सिमेंटच्या मण्यांपेक्षा खरंच चांगले का?

तुमच्या प्रश्नात दिलेली माहिती अशी: वडील ६२ वर्षांचे, शुगर आहे. तीन वर्षांपूर्वी इंदूर बायपासवर अपघात झाला, नडगीच्या हाडात प्लेट बसवली. वर्षभर तिथल्या छिद्रातून पू येतोय. हाड जुळलंय, तेव्हा प्लेट काढून, हाड साफ करून विरघळणारे मणी भरू असं डॉक्टर म्हणतात. सिमेंटचे मणी बरेच स्वस्त, मग हे कशाला?

खरं काम साफसफाईचं आहे, मण्यांचं नाही. मेलेल्या हाडावर आणि प्लेटवर जंतू चिकट थर करून बसतात. तिथे रक्त पोहोचत नाही, म्हणून शिरेतून दिलेलं औषधही पोहोचत नाही. थरातल्या जंतूंना मारायला नेहमीच्या शेकडोपट तीव्रतेचं औषध लागतं, तेवढं रक्तात चढवलं तर आधी किडनी जाईल. मणी तेवढी तीव्रता साफसफाईनंतर उरलेल्या खड्ड्यापुरती देतात. पण मेलेलं हाड आत राहिलं तर कितीही मणी भरा, सहा महिन्यांत छिद्र परत वाहणार. हाड पाणी सोडत कोरायचं, कोरडं बर (हाड कोरायचं फिरतं अवजार) फिरवलं तर चांगलं हाडही जळतं. टुर्निके, म्हणजे रक्त थांबवायला मांडीला आवळलेला पट्टा, सोडल्यावर हाडाच्या कडेवर तिखट भुरभुरल्यासारखे रक्ताचे बारीक ठिपके उमटले म्हणजे जिवंत हाड लागलं. पांढरं कोरडं हाड दिसतंय तोवर थांबायचं नाही.

ताप नसेल तर ऑपरेशनआधी दोन आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवतात, नाहीतर कल्चर (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) कोरं येतं. खोलवरचे पाच नमुने, प्रत्येक वेगळ्या अवजाराने घ्यायचे. छिद्राच्या तोंडावरून कापसाच्या काडीने घेतलेल्या स्वॅबवर विसंबू नका. एक तुकडा बायोप्सीला आणि टीबीच्या तपासणीला गेलाच पाहिजे.

आता मणी. विरघळणारे मणी कॅल्शियम सल्फेटचे असतात. कॅल्शियम सल्फेट म्हणजे शुद्ध केलेलं प्लास्टर ऑफ पॅरिसच, आणि ही कल्पना नवी नाही: ड्रीझमन या जर्मन सर्जनने १८९२ मध्येच फिनॉल मिसळलेलं प्लास्टर हाडाच्या पोकळीत भरलं होतं. आज १० सीसीच्या किटमध्ये साधारण १ ग्रॅम व्हॅन्कोमायसिनची पूड आणि २४० मिलिग्रॅम जेंटामायसिन घालतात. जेंटामायसिनची वायल ८० मिलिग्रॅमची, २ मिलीची, म्हणजे तीन वायल, ६ मिली. तेवढ्या द्रवातच सल्फेटची पूड भिजते, वरून सलाइन ओतलं तर मिश्रण पातळ राहतं आणि जमत नाही. घाईने साच्यातून काढले तर मण्यांचा चुरा होतो. खड्डा किती सीसीचा, हे सिरिंजने सलाइन भरून मोजता येतं. ठासून भरू नये, टाक्यांवर ताण येतो आणि जखम जास्त वाहते.

सिमेंट म्हणजे बोन सिमेंट, एक प्रकारचं प्लास्टिक, ते विरघळत नाही. औषध संपलं की तोच मणी जंतूंना बसायला जागा होतो, म्हणून चार-सहा आठवड्यांनी काढायला दुसरं ऑपरेशन लागतं. त्याचा खर्च धरला की स्वस्ताई उरत नाही. हाडात मोठी गॅप असती आणि दुसरं ऑपरेशन ठरलेलंच असतं, तर मी सिमेंटच म्हटलं असतं. तुमच्या वर्णनावरून विरघळणारे मणी योग्य वाटतात.

पण एक गोष्ट कुणी सांगत नाही: सल्फेट दीड-दोन महिन्यांत विरघळतं, हाड मात्र तेवढ्या वेगाने भरत नाही. एक्स-रेत पांढरे मणी गायब आणि खड्डा तसाच, हे पाहून घाबरू नका. खड्डा मोठा असेल तर हायड्रॉक्सीॲपेटाइट (हाडात असतं तसंच खनिज) मिसळलेलं मिश्रण मिळतं का विचारा. त्यातलं सल्फेट गेलं तरी नव्या हाडाला चढायला मांडव उरतो. बायोॲक्टिव्ह ग्लासही आहे, त्यात औषध नसतं, भोवतालचा पीएच वाढवून ते जंतूंना जगू देत नाही. कोलॅजनच्या स्पंजमधलं औषध काही दिवसांतच संपतं. पीएलजीए या विरघळणाऱ्या प्लास्टिकचे थ्रीडी प्रिंट केलेले साचे अजून बहुतेक प्रयोगशाळेतच आहेत.

सर्वांत जास्त गोंधळ ड्रेसिंगवर होतो. दोन-तीन आठवडे दुधाळ पाणी गळू शकतं, ते विरघळणारं सल्फेट असतं. दरवेळी घाबरून अँटिबायोटिक वाढवायची गरज नसते. वास, लाली, ताप, वाढतं दुखणं किंवा खाली आलेला सीआरपी (इन्फेक्शन-सूज दाखवणारी रक्ततपासणी) पुन्हा चढणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. पहिल्या आठवड्यात रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) तपासून घ्या. मळमळ, गुंगी, बरळणं हे कॅल्शियम वाढल्याचंही असू शकतं, नुसतं वयाचं समजू नका. क्रिएटिनिन आधीच वाढलेलं असेल तर जेंटामायसिनच्या मण्यांबरोबर शिरेतून ॲमिकासिन (जेंटामायसिनच्याच जातीचं, किडनीवर ताण देणारं औषध) चालू ठेवायचं का, हे स्पष्ट विचारा.

मणी भरले तरी पोटातून किंवा शिरेतून औषध बहुतेक वेळा साधारण सहा आठवडे देतात. शुगर आणि गुटखा आधी आवरा. नडगीवर पुढून फक्त कातडीच असते, त्यामुळे जखम बंद होणार नसेल तर फ्लॅपसाठी (शेजारचं किंवा दुसरीकडचं मांस-कातडी आणून झाकण्यासाठी) प्लास्टिक सर्जन त्याच दिवशी हवा.

किट आणि वायल दवा बाजारातून तुम्हालाच आणायला सांगितलं तर वायलवरचे मिलिग्रॅम आणि एक्सपायरी वाचून घ्या. कोरलेलं हाड काही महिने कमकुवत असतं. डॉक्टर एक्स-रे पाहून हो म्हणेपर्यंत पायावर पूर्ण वजन नाही, आणि यंदाची इंदूरची रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, वडिलांनी गॅलरीतूनच पाहावी.