साइडकारसाठी मागचे स्प्रॉकेट किती दात्यांचे असावे?

प्रश्न : माझ्या मोटारसायकलला साइडकार जोडून तिची नोंदही करून घेतली आहे, मात्र दोन माणसे घेऊन पसरणी घाट चढताना वारंवार दुसऱ्या गिअरवर यावे लागते. चेन ज्यांवर फिरते त्या दातेरी चक्रांना, म्हणजे स्प्रॉकेटना, पुढे १६ आणि मागे ३८ दाते आहेत. मागे ४२ दात्यांचे स्प्रॉकेट बसवावे का? – एक वाचक, वाई

उत्तर : बसवावे. मागच्या दात्यांचे पुढच्या दात्यांशी सध्याचे गुणोत्तर २.३७५ आहे, ते २.६२५ होईल, म्हणजे मागच्या चाकाला मिळणारा जोर प्रत्येक गिअरमध्ये सुमारे साडेदहा टक्क्यांनी वाढेल. इंजिनाची ताकद मात्र तेवढीच राहणार असल्याने, आज इंजिनाच्या ज्या फेऱ्यांना गाडी ताशी ६० किलोमीटर धावते, त्याच फेऱ्यांना ती जेमतेम ५४ वर येईल. साइडकारसह त्याहून जोरात जाण्यात तसाही फारसा अर्थ नसतो, असे आमचे मत आहे.

दाते चारने वाढल्यामुळे चेनला साधारण दोन कड्या जास्त लागतील, आणि जुनी, ताणलेली चेन नव्या स्प्रॉकेटवर चढवल्यास नवे दातेही लवकर झिजतील, म्हणून पूर्ण चेनसेटच (चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट) बदलावा. मोठे स्प्रॉकेट चेनकव्हरला घासत नाही ना, हे चाक हाताने फिरवून आधी पाहावे.

पुढचे स्प्रॉकेट १५ दात्यांचे करणे स्वस्त पडते, परंतु त्याने जोर पावणेसात टक्केच वाढतो.